आधी पडवी

हिरामणशेठला राग यायला कारण लागत नसे, आणि एकदा आला की कुणाच्या तरी अंगावर निघाल्याशिवाय तो शांत होत नसे. बहुतेक वेळा ते अंग त्याच्या बायकोचं, पुतळाबाईचं असे. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि त्यातली दहा वर्षं तिला डाव्या कानानं नीट ऐकू येत नव्हतं. कोनगावातल्या त्याच्या जमिनीवर लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, दोन शेडी उभ्या राहिल्या, तेव्हा हिरामणचा हिरामणशेठ झाला. हात मात्र पूर्वीचेच राहिले.

एकाहत्तर साली भिवंडीच्या एका लूमवाल्यानं त्याला आपल्या बंगल्यातला निवडुंग भेट दिला. बांधावर माजतो तो फड्या नव्हे. हा खांबासारखा सरळ, छातीएवढा उंच, अर्ध्या कापलेल्या तेलाच्या पिंपात लावलेला. देताना लूमवाला हसत म्हणाला, “सेठ, जब तक ये खडा है, आपका घर खडा है.” तो आपला बोलण्याच्या भरात बोलून गेला असेल. हिरामणनं ते गाठीला बांधलं आणि पिंप थेट माजघरात, देव्हाऱ्याशेजारी नेऊन ठेवलं. त्या माजघरात भर दुपारीही दिव्याशिवाय तांदळातले खडे दिसत नसत.

तीन वर्षांत निवडुंग माणसाच्या वर गेला, पण कसा? खाली मांडीएवढा जाड आणि वर मनगटाएवढा बारीक, फिकट पिवळा. सगळा जीव गोळा करून तो एकुलत्या एका झरोक्याकडे वाकला होता. हिरामण त्याला रोज हात जोडी आणि उंची वाढली म्हणून खूश होई. पुतळाबाईला मात्र त्याची दया येई. आपल्यासारखंच आणखी कुणीतरी या घरात अडकलंय असं तिला वाटे.

शेजारची ठकुबाई विधवा होती, गावची सुईण. पुतळाबाईची तिन्ही बाळंतपणं तिच्याच हातची. एकदा ती माजघरात आली, निवडुंगाकडे बघून चुकचुकली.

“अगो, उजेडासाठी मान ताणतंय त्ये. भाईर काढ त्याला.”

“आजच काढू, मावशी?”

“येडी हायस काय? बाळंतिणीला खोलीतून काढून कोनी उन्हात बसवतंय काय? आधी पडवी, आठ दिस. मंग सकालचं कोवलं ऊन, आनखी आठ दिस. मंग अंगन. आनि पिंप मधीमधी फिरवत जा, न्हायतर एकाच अंगाला कलल.”

हे सगळं पुतळाबाईला पटलं. पण सोळा दिवस आणायचे कुठून? वैशाखात हिरामण आणि त्याचा धाकटा भाऊ महादू गुडघे शेकायला अकलोलीच्या गरम कुंडांवर गेले, ते चार दिवसांसाठी. तो घरात असताना पिंपाला हात लावायची सोय नव्हती. तिनं हिशेब केला, चार दिवस तर चार दिवस, पण कडक ऊन मिळू दे. शेडीवरची दोन माणसं बोलावली आणि पिंप थेट अंगणात काढलं.

दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडची बाजू पांढरी पडली. तिसऱ्या दिवशी तिथे वरपासून खालपर्यंत तपकिरी चट्टा उठला, तापल्या उलथन्याचा डाग द्यावा तसा. पुतळाबाईनं घाईघाईनं पिंप आत नेववलं आणि भाजलेली बाजू भिंतीकडे केली.

हिरामण चौथ्या दिवशी सकाळी आला आणि हात जोडायला उभा राहिला. झाड वेगळ्याच बाजूला वाकलेलं त्याला एका नजरेत कळलं. पिंप फिरवलं, आणि चट्टा समोर आला.

“कोनी केलं ह्ये?”

उत्तर एका शब्दाचं होतं. ऊन. ते पुतळाबाईच्या जिभेवर आलं आणि तिथेच थिजलं. तेवढ्यात महादू म्हणाला, “दादा, म्हैस बी आटली ह्याच हप्त्यात. त्या ठकीची ये-जा असतंय हितं. भुताळी हाय ती.”

लाजिरवाणी गोष्ट आहे, पण खरी आहे. क्षणभर पुतळाबाईला सुटल्यासारखंच वाटलं.

दोघा भावांनी ठकुबाईला तिच्या चुलीपुढून झिंज्या धरून ओढत आणलं. झाडही पुरावा म्हणून अंगणात आणून ठेवलं. हां हां म्हणता गाव जमलं. हिरामणनं काठी घातली. म्हातारीनं डोकं वाचवायला हात वर केला, तशी मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला. कुणी पुढे झालं नाही. शेठच्या अंगणात शेठला अडवणार कोण?

भुताळीचे, म्हणजे चेटकिणीचे, दात पाडले की तिचा मंतर चालत नाही, अशी तिकडची समजूत. ठकुबाईच्या तोंडात दात होते सगळे चार. महादूनं तिचं डोकं मागून घट्ट धरलं आणि हिरामणनं पुतळाबाईच्याच पाट्यावरचा वरवंटा उचलून आणला. पहिल्या घावाला ओठ फाटला आणि दोन दात रक्तासकट धुळीत पडले.

“बोल! काय केलंस माझ्या झाडाला?”

ठकुबाईनं मान वळवून पुतळाबाईकडे पाहिलं. सगळं तिच्या ध्यानात आलं होतं. एक वाक्य बोलली असती तर वरवंटा तिच्यावरून पुतळाबाईवर गेला असता. ती रक्त थुंकली आणि बोलली नाही.

ते बघून पुतळाबाईच्या आत काहीतरी तुटलं. “मी! मीच ठेवलं उन्हात!” ती गर्दीत घुसली. “मावशी बोलली व्हती आधी पडवीत ठेव. मीच आयकलं न्हाय. बघा की, एकाच अंगाला भाजलंय, दुसरं हिरवं हाय. नजर काय एकाच बाजूनं लागतंय?”

लोक कुजबुजले. हिरामणला ते कळलंही असेल. पण सगळ्या गावासमोर एका बाईचं खरं करायचं, म्हणजे त्यानं शेठ कशाला व्हायचं? तो ओरडला, “हिच्या तोंडून ती बोलतंय! हिला बी झपाटलंय!” आणि पुतळाबाईच्या तोंडावर त्यानं अशी लाथ मारली की ती पिंपावर जाऊन आदळली. मग तो तिथेच, पिंपासमोर, ठकुबाईपुढे गुडघे टेकून बसला. वरवंटा पुन्हा वर गेला.

पुतळाबाई उठली. काटे खांद्यात रुतत होते, तरी तिनं खांदा निवडुंगाला लावला आणि बावीस वर्षांचा जोर काढून रेटला. पायाशी जाड आणि वर लांबलचक वाढलेलं ते झाड पिंपासकट कललं. हिरामणनं वर पाहिलं, तेवढाच वेळ त्याला मिळाला. झाड त्याच्या तोंडावरच कोसळलं.

त्याची किंकाळी ऐकून महादूनं म्हातारीला सोडलं आणि वाट फुटेल तिकडे धूम ठोकली.

कल्याणच्या डॉक्टरांनी एक डोळा काढला, दुसरा वाचवला. महिनाभर हिरामण माजघरात, देव्हाऱ्याशेजारच्या मोकळ्या जागेत, पट्टी बांधून पडून होता. पट्टी सुटली त्या दिवशी गाव त्याला बघायला अंगणात जमलं. ठकुबाईही आली, मनगटाला कामट्या बांधून.

“दार उघड,” हिरामण म्हणाला.

“डॉक्टर बोललं एकदम उन्हात काढू नका. आधी पडवी, आठ दिस.” पुतळाबाई दाराला पाठ लावून उभी होती. “ह्येच मावशी बोलली व्हती. ती भुताळी न्हाय. भाईर गाव उभं हाय, त्यांना आयकू जाईल असं बोला. मंग उघडते.”

त्याचा हात सवयीनं उठला. अंधारात चाचपडला, कुणाच्या अंगाला लागला नाही, आणि खाली आला. मग त्यानं भिंतीचा आधार घेतला.

“ठकुमावशी भुताळी न्हाय,” हिरामण म्हणाला.

“मोठ्यानं. मना डाव्या कानानं आयकू येत न्हाय.”

तो ओरडून म्हणाला. बाहेर अंगणातली कुजबुज थांबली. मग पुतळाबाईनं त्याचं मनगट धरलं, दार उघडलं आणि त्याला पडवीपर्यंतच नेलं.