उसने डोळे

कागदावरचं चित्र जागचं हलत नसतं, तरी बघणाऱ्याला ते गरगर फिरताना दिसतं. या चकव्याचा अभ्यास करून पोट भरणारी माणसं जगात थोडीच, आणि त्यांतल्या एकीलाच तो चकवा दिसू नये, ही नशिबाची थट्टाच म्हणायची. ती एक म्हणजे कोतोए माकाबे. रंगीत चकत्यांची असली चित्रं तिनं लहानपणापासून डोळे फाडफाडून पाहिली. वर्गातली मुलं "फिरलं, फिरलं!" म्हणून ओरडायची आणि हिच्यासमोर चकती ढिम्म. अशी न फसणारी माणसं असतात काही, तो आजार नव्हे. पण सगळे हसताहेत आणि आपल्याला का ते कळत नाही, याची लाज काही केल्या जात नाही.

म्हणून तिनं यंत्र घडवलं. मेंदूच्या धर्तीवर विणलेलं न्यूरल नेटवर्क. कानाझावाच्या रस्त्यांवर सायकलवरून काढलेले व्हिडिओ त्याला दाखवायचे आणि पुढच्या क्षणी काय दिसेल ते त्यानं ओळखायचं. ते जमू लागलं की समोर स्थिर चित्र ठेवायचं. अंदाज करताना त्यानं चकती जराशी वळवली, की समजायचं, पठ्ठ्या माणसासारखाच फसला. आपल्याला जे दिसत नाही ते निदान आपल्या हातच्या यंत्राला दिसावं, एवढीच तिची हाव होती.

जुन्या चित्रांचं सोपं असतं. कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग आला की चकती कुठे वळते, हे पुस्तकांत आहे. कोतोए मात्र नव्या रंगांची नवी चित्रं काढत होती. तिथे यंत्राचं उत्तर खरं की खोटं, हे सांगायला माणसाचेच डोळे हवेत. ते डोळे होते शूहेई कुसाकाचे. विद्यार्थी असल्यापासूनचा हा मित्र आता शेजारच्या टेबलावर बसायचा, आणि तिला चकवा दिसत नाही हे अख्ख्या प्रयोगशाळेत त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. नवं चित्र आधी तो बघायचा, मग विद्यार्थ्यांना दाखवून त्यांची उत्तरं गोळा करून आणायचा.

"कुठे फिरतंय रे?"

"उजवीकडे. तुझं लेकरू काय म्हणतं?"

"उजवीकडेच!"

"मग काढ पैसे. आज जेवायला कात्सु-करी, आणि वर अंडंसुद्धा."

सेंदाईच्या परिषदेत तिचं भाषण ठरलं. आधी प्रयोगशाळेत तालीम झाली. अगदी शेवटचं, सगळ्यांत नवं चित्र पडद्यावर आलं तेव्हा प्रमुख ओबाता सेन्सेईंनी मान तिरकी केली, दातांतून हवा ओढली आणि म्हणाले, "हे... चोत्तो..."

जपानीत चोत्तो म्हणजे जरासं. पण त्यापुढचं वाक्य सोडून दिलं की अर्थ होतो, हे काही ठीक नाही. काय ठीक नाही ते ऐकणाऱ्यानं ओळखायचं असतं. कोतोए ओळखू पाहतेय तोवर कुसाका बोलून मोकळा.

"अक्षरं चोत्तो बारीक आहेत ना, सेन्सेई? मोठी करून घेतो आम्ही."

सेन्सेईंनी त्याच्याकडे पाहिलं, चष्मा पुसला. "हं... तेही आहेच," म्हणाले. कोतोएनं इमानेइतबारे अक्षरं मोठी केली.

सेंदाईत भाषण छान रंगलं. शेवटच्या चित्रापाशी ती म्हणाली, "यंत्र म्हणतं, ही चकती उजवीकडे फिरते. माणसांनाही ती तशीच दिसते."

सभागृहात चुळबुळ झाली. मोरिओकाहून आलेल्या निशिवाकीबाई अर्धवट उठल्या. "माफ करा हं, माझंच चुकत असेल. पण मला ही डावीकडे फिरताना दिसतेय."

"मलाही," मागून कुणीतरी म्हणालं. "डावीकडेच की!"

भराभर माना डोलल्या. सगळं सभागृह एकाच दिशेनं फिरणारं चित्र बघत होतं, आणि ते काढणारी तेवढी थिजलेल्या चकतीकडे बघत उभी होती. तिनं भिंतीशी टेकलेल्या कुसाकाकडे पाहिलं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. तिला सगळं कळून चुकलं.

"मला सांगता येणार नाही," ती माइकमध्ये म्हणाली. "मला हा चकवा दिसतच नाही. कधीच दिसलेला नाही."

बाहेर, चहा-कॉफीच्या यंत्रापाशी तिनं त्याला गाठलं.

"विद्यार्थ्यांना दाखवलं होतंस?"

"हे नव्हतं दाखवलं."

"का रे?"

"तू उड्या मारत आलीस. उजवीकडे ना, उजवीकडे ना, म्हणून. तुझ्या तोंडावर नाही म्हणवेना. एकदा हो म्हटलं, मग..."

"मग विद्यार्थ्यांची उत्तरंही तूच लिहिलीस."

"तुला वाईट वाटू नये म्हणून, माकाबे—"

"गप बस! मी तुझ्याकडे डोळे मागितले होते, दया नव्हती मागितली. हात धरून रस्त्याच्या मधोमध आणलंस, सोडून दिलंस, आणि वर म्हणतोस वाईट वाटू नये म्हणून?"

"बाकीची सगळी खरी आहेत. शपथेवर सांगतो."

त्याची शपथ पडताळून पाहायला तिच्याकडे त्याचेच डोळे होते.

ती परत आत गेली. निशिवाकीबाई पिशवी आवरत होत्या. "थोडा वेळ द्याल का?" म्हणत कोतोएनं त्यांच्यापुढे लॅपटॉप उघडला आणि एकेक चित्र दाखवू लागली. उजवी. डावी. उजवी. उत्तरं कुसाकाशी जुळत गेली. तिचा श्वास जरा मोकळा झाला. तिला अजूनही तो खरा ठरायला हवा होता.

पुढच्या चित्रावर बाई थबकल्या. डोकं मागे नेलं, पुढे आणलं. "ही कुणाला फिरताना दिसली?"

"माझ्या सहकाऱ्याला. चांगली वेगानं, असं म्हणाला."

"ही फिरतच नाही हो. नुसती चकती आहे."

याच चित्रापुढे कोतोए सबंध वसंत ऋतू बसून होती. यंत्र म्हणतंय फिरते, कुसाका म्हणतोय भन्नाट फिरते, मग इतकी वेगानं फिरणारीही आपल्याला का दिसू नये, म्हणून तिनं डोळ्यांच्या डॉक्टरांचे उंबरे झिजवले होते, आरशासमोर उभी राहून रडली होती. हे चित्र सगळ्यांनाच स्थिर दिसणारं होतं. तिचे डोळे तिला खरं तेच सांगत होते, आणि तिनं त्याच्या शब्दाखातर त्यांना खोटं ठरवलं होतं.