घडी न मोडलेल्या चिठ्ठ्या

आमच्या ख्रिस्ती मंडळीत नव्या वर्षाच्या सकाळी उपासना संपली की प्रत्येकाने बिस्किटांच्या डब्यातून एकेक चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीत शास्त्रातलं एक वचन. तेच देवाचं वर्षभराचं मार्गदर्शन, आणि ते कुणाला दाखवायचं नाही, अशी रीत. रेवदंड्याच्या अलीकडे समुद्राकाठी आमची तेरा घरं. त्या तेरा घरांना देव काय सांगणार, हे डिसेंबरात माझ्या हस्ताक्षरात ठरायचं. मी मनुबाई. प्रार्थनामंदिर झाडते, घंटा वाजवते, आणि मिशनच्या वसतिगृहात लिहायला शिकले म्हणून चिठ्ठ्याही लिहिते.

न दाखवताही कुणाला काय आलं ते वागण्यावरून मला कळतंच. लोक त्या चिठ्ठ्यांचं काय करतात ते बघून, मी देव असते तर बोलणंच बंद केलं असतं. धर्माला एकदा पेरणी न करताही देव ज्यांना पोसतो त्या पाखरांचं वचन आलं. त्याने त्या साली वाल पेरलेच नाहीत आणि पुढे चार महिने माझ्या चुलीपाशी जेवला. रंगूला शत्रूवर प्रीती करायचं वचन आलं, तर सासू त्यात धरायची की नाही, याचा विचार ती जूनपर्यंत करत होती.

सत्तावन्नच्या डिसेंबरात शिवदास मास्तरांना मुंबईच्या एका शाळेचं पत्र आलं. मास्तर म्हणजे आमच्या शाळेचे एकुलते एक शिक्षक. मुंबईला मोठी जागा होती, जानेवारीच्या पंधरा तारखेपर्यंत उत्तर द्यायचं होतं. मास्तर उपासनेत उभे राहून म्हणाले, "माझी स्वतःची इच्छा म्हणून काही उरलीच नाही. प्रभू चिठ्ठीतून सांगेल तसं करीन." हे बोलताना अंगात अलिबागहून शिवून आणलेला नवा कोट होता, आणि घरी ट्रंकेवर पांढऱ्या रंगात 'मुंबई' लिहून वाळतही आलं होतं.

मास्तर जाणार म्हणजे त्यांची बायको सगुणा जाणार. मला पोटचं कुणी नाही. तापात पडले तर पेज तीच आणते, संध्याकाळी पायरीवर बसून हसायला तीच असते. ती गेली असती तर मी एकटी पडले असते, आणि त्याची मला भीती वाटत होती. म्हणून मी पाप केलं. चाळीसच्या चाळीस चिठ्ठ्यांवर एकच वचन लिहिलं: आहे तिथे समाधानाने राहण्याचं. वेगवेगळी शोधायचाही आळस केला.

एक तारखेला मास्तरांनी चिठ्ठी उघडली आणि तोंड कडू झालं. इतरांनी मात्र देवाचं लगेच ऐकलं. चंदरने दुसऱ्याच दिवशी अलिबागच्या कोर्टातली तारीख चुकवली, अगदी समाधानाने.

त्याच दिवशी मास्तर माझ्याकडे चिठ्ठ्यांचा डबा ठेवलेल्या कपाटाची चावी मागायला आले. "काल उचलताना मागे कुणीतरी शिंकलं, मनुबाई. चित्त ढळलं. पुन्हा उचलतो." पुन्हा तेच आलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "काल उपास नव्हता धरला." उपाशीपोटी उचलली, तरी तेच. मग त्यांनी डबा टेबलावर पालथा केला आणि उरलेल्या साऱ्या चिठ्ठ्या उघडल्या.

"मनुबाई, हे काय?"

"माझी लबाडी, मास्तर. सगुणा जाऊ नये म्हणून केली."

मला वाटलं, आता ओरडतील. पण त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे देव काही बोललाच नाही! मग मी मोकळा!" तीन दिवस गुडघे टेकून जे मिळालं नाही, ते त्यांना माझ्या पापात सापडलं.

ते तरातरा घरी निघाले. सगुणाची माफी मागायला मीही मागोमाग गेले. ती अंगणात सोललेल्या कोळंबीचे सोडे वाळत घालत होती.

"सामान बांध," मास्तर म्हणाले. "मुंबईला जायचंय."

तिचे डोळे भरले, पण ती "बरं" एवढंच म्हणाली. हात पुसून आत गेली आणि फळीवरचा एक लहान डबा घेऊन आली. "ह्यो ट्रंकंत वर ठेवा. दबू देऊ नका."

मास्तरांनी झाकण काढलं. आत अकरा चिठ्ठ्या होत्या, लग्न होऊन आल्यापासूनच्या. मी घातलेली घडी एकीचीही मोडली नव्हती.

"तू या वाचल्या नाहीस?"

"मला कुठं वाचाया येतंय?"

मलाही हे ठाऊक नव्हतं. दर रविवारी ती गीतांचं पुस्तक हातात धरून सगळी गीतं म्हणायची. पान कधी उलटत नव्हती, हे मला तेव्हा आठवलं.

"मग घेतेस कशाला दरवर्षी?"

"देव देतो म्हणून घेते. आत वाईट थोडंच आसंल? आन् मुंबईला चला, न्हायतर हितं ऱ्हावा, त्यो दोन्हीकडं हाय."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुमी कवा इचारलंत?"

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं. ते तसेच, नव्या कोटासकट, ओटीवर खाली बसले. गावातल्या दोनअडीचशे पोरांना त्यांनी मुळाक्षरं गिरवायला लावली होती. मग त्यांनी सगळ्यात जुनी चिठ्ठी उचलली, तिला जवळ बसवलं आणि घडी मोडली.

कागद कोरा होता. त्या साली माझी शाई संपली होती, आणि देव समजून घेईल म्हणून शेवटच्या पाचसहा मी तशाच टाकल्या होत्या. मी मान खाली घातली.

सगुणाने कागद उलटसुलट पाहिला आणि हसली. "ही येतीय की मला."

मास्तरही हसले, आणि मग कोटाच्या बाहीने डोळे पुसू लागले.

मुंबईला त्यांनी लिहून टाकलं, की इथे पहिलीत एक विद्यार्थिनी आहे, तिला सोडून येता येत नाही. ट्रंकेत आता तांदूळ असतात. सगुणा आपली चिठ्ठी उघडते, पण एकेक अक्षर लावत वाचायला तिला महिना लागतो.

मी हल्ली अक्षर जरा मोठं काढते.