फक्कीच्या रेघांचं घर

बनुबाईच्या घराला भिंती नव्हत्या, पण दार होतं, आणि येणाऱ्यानं दारातूनच यावं असा तिचा दंडक होता. आटपाडीच्या पुढच्या माळावर बाळासो गवंड्यानं मुहूर्त गाठून चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघांनी घर आखून दिलं आणि बांधकामाचा परवाना आठ दिवसांत येतोय म्हणून सांगून गेला. सरकारी आठ दिवस ते! अर्ज गेला, उतारा गेला, नकाशा दोनदा परत आला, तीन महिने उलटले. परवान्याआधी कुदळ मारली तर दंड. पण नुसतं राहू नये असं कुठल्या कागदात लिहिलं होतं? बनुबाई दिवस उगवला की पत्र्याच्या शेडातून उठून आपल्या घरात येऊ लागली. वाऱ्यानं फक्की उडाली की राखेनं रेघ भरून काढी. एखादं मेंढरू भिंतीतून आत आलं तर त्याला शिव्या घाली.

सारी हयात तिनं मेंढरांमागं काढली होती. दिवाळी सरली की घोड्यावर बिऱ्हाड टाकायचं, इस्लामपूरकडच्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायची आणि तीन दगडांच्या चुलीपुढं वाऱ्याशी भांडत भाकरी थापायची. वारा जाळ पळवायचा, धूर डोळ्यांत, राख पिठात. तिला दागिना नको होता, लुगडं नको होतं. चार भिंतींच्या आतली चूल, एवढंच तिनं जन्मभर मागितलं. सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्यात कोइमतूरला गेलेला तिचा मुलगा तानाजी फोनवर म्हणाला, "आई, आता घर बांधू," तेव्हा ती आधी स्वयंपाकघराचंच बोलली.

पुढची खोली मात्र जोतीरामची. काचबिंदूनं तिच्या नवऱ्याची नजर गेली होती आणि ती आता परत येणार नाही, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. अंधारातही आपलं मेंढरू ओळखणारा माणूस शेडात चाचपडत फिरायचा. रेघा पडल्या तशी बनुबाई त्याचा हात धरून घर शिकवू लागली. उंबऱ्यापासून सरळ आठ पावलं, मग मधली भिंत, भिंतीपलीकडं चूल. दीड महिन्यात त्याची काठी सुटली. उंबऱ्याशी तो पाय उचली, चौकटीखाली मान लववी, आठव्या पावलावर तळवा पुढं करून थांबे. बघणाऱ्याला तिथं भिंत दिसू लागे. उन्हाच्या वेळी त्या खोलीत सावली पडते, असंही शेजारणी म्हणू लागल्या. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक.

अखेर तालुक्याहून जागेची पाहणी करायला शिवांजली नावाची तरणी अभियंता आली. हातात फीत घेऊन सरळ रेघेवरून आत शिरली.

"आवं बाई, भिताडातनं कुठं येताय? दारातनं या," बनुबाई म्हणाली.

पोरगी घटकाभर गोंधळली. मग मागं फिरली, दाराशी चप्पल काढली आणि उंबरा ओलांडून आत आली. बनुबाईला ती तिथंच आवडली. पण फीत कुणाची भीडभाड ठेवत नाही.

"मावशी, रस्त्याकडून सहा फूट सोडावे लागतील. पुढची भिंत आत घ्यायला हवी."

"मग आख्खं घर मागं सरकवा की."

"मागं तुमच्या भावकीचा बांध आहे. सहा फूट घरातूनच जाणार. पुढची खोली लहान करायची की मधली भिंत मागं घेऊन स्वयंपाकघर, ते आत्ता सांगा. मी इथंच नकाशा दुरुस्त करते. नाहीतर पुन्हा नवा अर्ज."

बनुबाई चुलीच्या जागेकडं बघत राहिली. 

"मधलं भिताड मागं घ्या. चूल मांडीन भाईर, सवय हाय मला. ह्यास्नी आठ पावलांची खोली पाठ झालीया. भिताड हलंल, पर ह्यांच्या पायातलं घर मी कसं हलवू?"

घोंगड्यावर बसलेला जोतीराम उठला. "बाई, नवा उंबरा कुठं आला, तितं मला उभं करा," म्हणाला. शिवांजलीनं हात धरून उभं केलं. सहा फुटांत आठातली चार पावलं गेली होती; तो चालू लागला आणि सवयीनं पाचवं पाऊल मधल्या भिंतीपलीकडं थेट चुलीत पडलं. परत फिरला. पुन्हा चुलीत. तिसऱ्यांदा चौथ्या पावलावर थबकला, घाम पुसला आणि तळवा पुढं केला.

"हितं. मधलं भिताड हाय तितंच ऱ्हाऊ दे."

"आवं, चार पावलांत तुमी कसं मावनार?" बनुबाई म्हणाली.

"मावंन. लय वर्सं वारा तुझा जाळ पळवत हुता, आन् मी मेंढरं मोजत बसलो. दिसत हुतं तवा तुज्याकडं बघितलं न्हाई गं मी."

शिवांजलीनं खाली मान घालून नकाशावर रेघ मारली.  बनुबाई स्वयंपाकघरात गेली आणि पाठ करून बसली. मध्ये भिंत होती, त्यामुळं तिचं रडणं कुणी पाहिलं नाही.