मुंडाशावरचा हेडफोन

बिस्काने हेडफोन मुंडाशावरूनच चढवला, तेव्हा तेहितला हसू आवरेना.

"काढ की रे ते. एवढ्या कापडातून काय चाळून ऐकणार आहेस?"

"समोर कोण बसलंय दिसत नाही तुला?" बिस्का पुटपुटला.

समोर चटईवर त्याची सासू केल्ला बसली होती. वाळवंटातल्या आमच्या तामनरासेतमध्ये जावयाने सासूसमोर मुंडाशाचं तोंडावरचं कापड खाली घेतलं की अब्रू गेलीच म्हणून समजा. सासूही जावयाशी थेट बोलत नाही. तेहित मात्र पडली आतेबहीण. मामेभावाची खेचायचा तिला हक्कच, आणि तो वापरायला ती कधी कंटाळत नसे. त्यात बिस्का गेले कित्येक दिवस तिच्याच अंगणात खाट टाकून पडलेला. बायकोशी, तहातशी, बिनसलं होतं. आमच्यात तंबू बायकोचा असतो. आता तंबूच्या जागी सिमेंटचं घर आलं, तरी भांडण झालं की बाहेर नवऱ्यानेच पडायचं. "माझं वाक्य संपायच्या आत हा उत्तर देऊन मोकळा होतो. पुरतं ऐकायला शिकलास की ये, म्हणावं," एवढाच तहातचा निरोप.

केल्लाची धाकटी मुलगी दूर वर्गलाला नांदत होती. तिचे दिवस भरत आले होते आणि तिला आईचं गाणं हवं होतं; ते तेहित आपल्या घरी रेकॉर्ड करून पाठवणार होती. त्या गाण्याला गिटारची साथ बिस्काइतकी कुणालाच जमत नसे, म्हणून केल्ला आली होती. सासू खूश झाली तर घराचं दार उघडेल, या आशेवर बिस्का सकाळपासून तारा जुळवत होता.

लग्नात त्याच्या पाठीशी कपाटाएवढे स्पीकर असायचे. इथे गिटारची वायर एका डबीत, डबीची कॉम्प्युटरमध्ये, तिथे आवाजावर घुमारा चढायचा आणि मग तो कानात यायचा. केल्लाच्या डोक्यावरही ओढणीवरून हेडफोन होता आणि तिच्यापुढे माईक. तिने टाळी धरली, गायला लागली, आणि बिस्का रेंगाळला. बोट आता पडायचं, आवाज मागाहून यायचा. त्याची वाट बघता बघता तो आणखी मागे पडला.

"गिटारवाल्याला विचार, झोप झाली नाही का," केल्ला तेहितला म्हणाली. गिटारवाला हातभर अंतरावर बसलेला.

"मावशी विचारते, झोप झाली नाही का?"

"सांग तिला, आवाज उशिरा येतोय."

"म्हणतो, आवाज उशिरा येतो."

"अगंबाई. बोलणं तर फार लवकर येतं म्हणे," केल्ला म्हणाली.

तेहितने ओठ चावला आणि डबीवरची एक कळ फिरवली. "आता कॉम्प्युटरचा वळसा नाही. तार छेडलीस की लगेच कानात."

बिस्काने छेडून बघितलं. "हे काय गं? घुमारा कुठे गेला? अगदीच उघडंबोडकं वाटतंय."

"तुझ्या तोंडावरचं निघत नाही, म्हटलं निदान गिटारीचं तरी काढावं. घुमारा नंतर चढवते, हवा तेवढा. वाजव."

आता आवाज वेळेवर येत होता, पण त्यात जे ऐकू आलं ते बिस्काला रुचलं नाही. केल्लाची ओळ संपत आली, शेवटचा स्वर अजून हवेत, तोच त्याची गिटार मध्ये घुसली. पुढच्या ओळीला तेच. तिच्या पुढच्यालाही. लग्नाच्या गोंगाटात हे कधी कळलंच नव्हतं. तहात म्हणत होती ते हेच की. त्याला मनापासून लाज वाटली आणि त्याने वाजवणं थांबवलं.

"चहा ठेवते," म्हणत तेहित अंगणात शेगडीकडे गेली.

केल्ला हेडफोन न काढता माईकवर जरा वाकली. तेहितची पाठ होती, तरी तिलाच सांगितल्यासारखं हळू बोलू लागली.

"आमची तहात रोज दोघांची भाकरी भाजते बघ, तेहित. उरली की शेळीला घालते आणि मला म्हणते, पीठ जास्त पडलं..."

बिस्काच्या कानात तो आवाज अगदी जवळून आला. त्याचं तोंड उघडलं. मुंडाशाआड उघडलं म्हणून कुणाला दिसलं नाही. मग त्याने ते मिटलं.

"...शेळी लठ्ठ झाली. पोरगी वाळली. हट्टी आहे, माझ्यावर गेलीय. पण वाट बघते."

त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

चहा झाल्यावर पुन्हा घेतलं. केल्लाची ओळ संपली. बिस्का थांबला. तिचा श्वास खाली बसला, तेव्हा कुठे त्याने तारेला बोट लावलं. तेहितने मान वर करून बघितलं.

निघताना केल्ला दाराशी थांबली. "मघाशी तो माईक चालू होता ना गं?"

"होता, मावशी."

"मग शेळीला आज चारा टाकायला हवा," केल्ला म्हणाली आणि चपला घालून निघाली.

तेहित मागे वळली, तर बिस्का अंगणात खाट आवरत होता. हेडफोन अजून मुंडाशावरच होता.