छप्पनचे चाळीस

राहत मॅडमनी घर विकलं.

हे वाक्य तुम्ही वाचलं नाही असं समजा. मीही ते लिहिलं नाही असं समजूनच पुढं चाललोय. तर, राहत मॅडमना आपलं जळालेलं घर दुरुस्त करायचं होतं आणि खर्चाचं इस्टिमेट काढायला गोकुळभाऊंनी मला पाठवलं.

गोकुळभाऊ म्हणजे माझे मालक. मूळचे पिशोरचे, आता शहरात बांधकामाचे ठेके घेतात. मी सत्यम. माझा सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, म्हणजे दोन विषय सोडून झालाय. त्या दोघांनी मला सोडलंय की मी त्यांना, हे अजून ठरायचंय.

घर जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीत. आगीत कुणाला काही झालं नाही. मॅडम त्या दिवशी देवगाव रंगारीला एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीच्या लग्नाला गेल्या होत्या. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं गणित शिकवलं. घरात कुणी नाही हे बघून इन्व्हर्टरच्या बॅटरीनं पेट घेतला. योगायोगानं तो आमच्या भागातला पाण्याचा दिवस होता. आमच्याकडं आठवडा वारानं मोजत नाहीत, नळानं मोजतात. त्यामुळं मागच्या पत्र्यावरची टाकी काठोकाठ भरलेली. खालचे वासे जळाले, टाकी खाली आली, येताना मागची भिंत घेऊन आली आणि अर्धं स्वयंपाकघर विझवून शांत झाली. अग्निशामक दलाची गाडी आली तेव्हा टाकीनं काम आटोपलं होतं.

मी गेलो तो सरळ त्या पडलेल्या भिंतीतून आत. समोर मॅडम उभ्या होत्या. सत्तरीच्या आसपास, पांढरा दुपट्टा, हातात पर्स, आणि चौफेर काळं घर.

"दारातून ये," त्या म्हणाल्या.

मी भिंतीच्या भोकातून बाहेर पडलो, गल्लीला वळसा घालून पुढच्या बाजूला आलो. पुढचं लोखंडी दार आगीतनं वाचलं होतं. बेल दाबली. बेलची वायर जळालेली. मग कडी वाजवली.

"कोण?"

"सत्यम. इस्टिमेटवाला."

आतून कुलूप उघडल्याचा आवाज आला. "ये बेटा. बस."

बसायला काहीच नव्हतं. मी बसल्यासारखा उभा राहिलो.

मग कामाला लागलो. स्लॅबला हातोडीनं ठोकून बघितलं. खणखणीत वाजला तर स्लॅब जिवंत, भदभद वाजला तर संपला. दोन जागा सोडून खणखणीत होता. प्लॅस्टर फुगलेलं, सगळी वायरिंग गेलेली, खिडक्यांच्या जागी नुसती भोकं. टेपचं दुसरं टोक मॅडमनी धरलं. मी म्हणालो, "तेरा फूट." त्या वाकून म्हणाल्या, "बारा फूट साडेतीन इंच." मी तेरा खोडून बारा फूट साडेतीन लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं.

माप संपल्यावर त्या म्हणाल्या, "हे बघ, माझ्याकडं आठ लाख दहा हजार आहेत. त्यात बसलं तर करायचं, नाही बसलं तर नाही. चार महिने झाले, भाच्याकडं राहते. याह्या चांगला आहे, त्याची बायको चांगली आहे, पोरं चांगली आहेत. पण दुसऱ्याच्या घरात मला मोकळं खोकताही येत नाही."

आता इथं आमच्या धंद्याची रीत सांगायला पाहिजे, नाहीतर मी वाईट माणूस वाटेन. रीत सांगितल्यावरही वाटेन, पण निदान क्रमानं वाटेन.

आमच्या वहीला दोन पानं असतात. मागच्या पानावर पेन्सिलनं खरा आकडा. पुढच्या पानावर पेननं दाखवायचा आकडा. खरा अधिक चाळीस टक्के बरोबर दाखवायचा. हे चाळीस टक्के आम्ही खात नाही. ते गिऱ्हाइकाचे असतात. गिऱ्हाईक आकडा बघून कपाळाला हात लावतं, "येडा झाला का रे?" म्हणतं, उठून चपला घालतं. आम्ही परत बोलावतो, चहा होतो, आणि चाळीस टक्के त्याला परत मिळतात. तो घरी जाऊन बायकोला सांगतो, कसा पाडला बघ. गुलमंडीत चप्पल घ्यायची असली तरी हेच. पहिल्या आकड्यावर काम मिळालेला ठेकेदार मराठवाड्यात अजून कुणी पाहिलेला नाही.

तसंच, जो आपल्याकडं किती पैसे आहेत ते सांगतो तो निम्मेच सांगतो, हाही नियम. म्हणून मॅडमनी आठ लाख दहा सांगितले तेव्हा मी मनात सोळा लाख वीस धरले. आणि मला त्यांचा जरा आदर वाटला, की बाई किती सफाईनं खोटं बोलतात.

मागच्या पानावर आकडा आला सात लाख साठ हजार.

तो आठ लाख दहामध्ये बसत होता. पन्नास हजार उरत होते. त्यात बेल पण झाली असती.

तीन दिवसांनी पुढचं पान घेऊन गेलो. कडी वाजवून. मॅडमनी चष्मा लावला, पर्समधून लाल पेन काढला आणि एकेक ओळ तपासायला लागल्या. मलबा उचलणं, बरोबर. प्लॅस्टर, बरोबर. वायरिंग, बरोबर. मला पुन्हा चौथीत बसल्यासारखं झालं. शेवटी पेन थांबला.

"बेरीज चुकली आहे तुझी."

मला बरं वाटलं. म्हटलं, झाली सुरुवात.

"दहा लाख पंचावन्न लिहिलंस. दहा लाख चौसष्ट पाहिजे. नऊ हजार तुझेच राहिले." त्यांनी लाल पेननं आकडा वाढवला, खाली तपासल्याची सही केली, तारीख टाकली.

मी वाट बघत होतो. आता कपाळाला हात. आता येडा झाला का. चपला तर पायातच होत्या, निदान दाराकडं तरी बघायचं.

"दर तुझा विषय, बेरीज माझा विषय," त्या म्हणाल्या. "दरातलं मला कळत नाही. एवढं लागतंच, नक्की?"

दुपारचे चार वाजून वीस मिनिटं झाली होती. जवळच्या मशिदीतून अजून अजान व्हायची होती. वहीचं मागचं पान माझ्या हातात, उलटं. मी म्हणालो, "नक्की मॅडम. यात एक रुपया इकडचा तिकडं होणार नाही."

हे वाक्य आम्ही सगळ्यांनाच म्हणतो. ते ऐकून गिऱ्हाइकानं चिडायचं असतं. मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी मान हलवली, पेनाचं टोपण लावलं, कागदाची घडी केली आणि मला म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे तुझं."

मी दुकानावर येऊन गोकुळभाऊंना सांगितलं, "भाऊ, ती बाई भांडलीच नाय."

"भांडंल. विचार करू दे."

"फोन करू का?"

"येडा का काय? आपून फोन केला की आकडा मऊ पडतो. तिचा याह्या मक्केला उमऱ्याला गेलाय ना? तो आला की येईल बघ भांडायला. लई घासतो तो."

हे खरं होतं. त्या घरातलं घासाघिशीचं खातं याह्याकडं. जाताना तो फुफीला, म्हणजे मॅडमना, बजावून गेला होता, मी आल्याशिवाय कुणाच्या आकड्याला हो म्हणायचं नाही. आणि मॅडमनी त्याचं अक्षरशः ऐकलं. त्यांनी आमच्या आकड्याला हो म्हटलंच नाही.

एक पाणी गेलं. दुसरं पाणी गेलं. मी रोज मोबाइल बघत होतो. वहीचं मागचं पान खिशात घेऊन दोनदा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. तिथं पुंडलिकरावांचं भांड्याचं दुकान आहे. मी तिथं उभं राहून पातेल्याचे भाव विचारले आणि परत आलो. दुसऱ्यांदा एक चमचा घेतला.

आता ते पहिलं वाक्य. ते झालं नाही असं मी म्हणालो होतो. मला अजूनही तसंच म्हणायचंय. पण मधली हकिगत सांगतो.

मी चमचा घेत होतो तेव्हा दुकानाच्या आतल्या खोलीत मॅडम बसलेल्या होत्या. मला दिसल्या नाहीत. पुंडलिकरावांचा त्या घरावर कधीपासून डोळा. "मॅडम, धडधाकट घराचे सव्वीस लाख दिले असते, पण जळाल्याचं काय देऊ?" मॅडमनी पर्समधून माझा कागद काढला. "दुरुस्तीचा खर्च वजा करा. मुलगा प्रामाणिक आहे. एक रुपया इकडचा तिकडं नाही म्हणाला." आणि लाल पेननं त्याच कागदाच्या खाली त्यांनी स्वतः वजाबाकी केली. पंधरा लाख छत्तीस हजार. वजाबाकी बरोबर होती.

हे मला पुंडलिकरावांनीच सांगितलं, खूश होऊन. कारण पुढच्या महिन्यात दुरुस्तीचं काम त्यांनी आम्हालाच दिलं. तोच कागद समोर ठेवला. आधी हसले. मग ओरडले. मग चपला घातल्या. गोकुळभाऊंनी परत बोलावलं. चहा. सात लाख साठ. सगळं विधिवत.

याह्या परत आला, त्यानं मला फोन केला. मी शिव्या खायच्या तयारीनं उचलला. खरं सांगायचं तर आशेनं उचलला. तो म्हणाला, "मियां, तेरी क्या गलती? रेट तो ऐसेइच बोलते. मैं रहता तो सात पे लाता." मग खजूर न्यायला ये म्हणाला. मी गेलो नाही. त्यानं दुकानावर पाठवले. गोकुळभाऊंनी खाल्ले.

मागच्या आठवड्यात याह्यानं परत बोलावलं. गॅलरी बंद करून फुफीसाठी खोली करायची होती. सहा बाय नऊ. मी गोकुळभाऊंना म्हणालो, दुसऱ्या कुणाला पाठवा. ते म्हणाले, "का? ओळखीचं गिऱ्हाईक हाय तुझं."

गेलो. माप घेतलं. मॅडम स्वयंपाकघराच्या दारात वेताच्या मुढ्यावर बसून मेथी निवडत होत्या. मला बघून हसल्या. मी पुढचं पान याह्याला दिलं. छप्पन हजार.

"छप्पन? गॅलरी बना रहा या ताजमहल?"

"याह्याभाई, स्लायडिंग बघा ना, काच बघा. एक रुपया इकडचा..."

वाक्य माझ्या तोंडातून निम्मं बाहेर आलं आणि तिथंच राहिलं. मॅडमचा हात मेथीवर थांबला होता.

"तीस," याह्या म्हणाला.

"नाय परवडत भाई."

"तो जा." तो उठला. मी वही मिटली, दारापर्यंत गेलो. "अबे आ, बैठ. चाय पी." चहा आला. "चालीस. बात खतम." मी म्हणालो, बरं. चार मिनिटं लागली असतील. याह्या खूश होऊन बिस्किटं आणायला आत गेला.

मॅडमनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. दुपट्ट्याला हात पुसले.

"सत्यम."

"जी मॅडम."

"छप्पन हजाराचे चाळीस हजार झाले."

"व्हय मॅडम."

"तर दहा लाख चौसष्ट हजाराचे किती?"

त्रैराशिक. चौथी-पाचवीचं. मला उत्तर पाठ होतं, पेन्सिलनं लिहिलेलं होतं, खिशात होतं. मी चहावरची साय बोटानं बाजूला केली. मॅडम थांबल्या. वर्गात थांबतात तेवढ्या थांबल्या, म्हणजे जो पोरगा उत्तर देणार नाही हे माहीत असतं त्याच्यासाठी जेवढं थांबतात तेवढ्या.

मग त्यांना खोकला आला. त्यांनी दुपट्टा तोंडावर दाबून धरला आणि आवाज न होऊ देता खोकल्या.

"वहीत लिहून आण," त्या म्हणाल्या आणि मेथी पुढं ओढली.

त्यांच्या घरी, म्हणजे पुंडलिकरावांच्या घरी, सध्या प्लॅस्टर चाललंय. मागची भिंत अजून उभी व्हायचीय. मजूर सगळे तिथून ये-जा करतात. मी गल्लीला वळसा घालून पुढच्या दारानं जातो आणि आधी कडी वाजवतो. ते हसतात. आत कुणी "कोण" म्हणत नाही.

वहीत लिहायला बसलो होतो. उत्तर लिहवेना. म्हणून मागच्या पानावर, सात लाख साठच्या खाली, पेननं हे लिहिलं.

प्रति,
मा. दुय्यम निबंधक साहेब,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : दुपारी चार वाजून वीस मिनिटे ही वेळ अर्जदारास परत मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की, जुना बाजार येथील घराच्या विक्रीची नोंद आपल्या कार्यालयात रीतसर झालेली असून तीबद्दल अर्जदाराची काहीही तक्रार नाही. तथापि सदर विक्रीपूर्वी श्रीमती राहत मॅडम यांनी अर्जदारास "नक्की?" असा एक प्रश्न विचारला होता व अर्जदाराने त्याचे उत्तर पुढील पानावरून दिले होते. तरी सदर प्रश्न अर्जदारास पुन्हा एकदा विचारण्याचे आदेश व्हावेत. अर्जदार दारातूनच येईल. लागणारे मुद्रांक शुल्क, आपण सांगाल त्या पहिल्या आकड्यावर, घासाघीस न करता भरण्यास अर्जदार तयार आहे. सोबत वहीचे मागील पान जोडले आहे.

सदर अर्ज मंजूर करून तसे लेखी कळवावे, ही नम्र विनंती.