वाजली की उचलतो

लातुरात तेव्हा शिकवण्यांचं पीक जोमात होतं आणि भीमाशंकर सर त्यातले फिजिक्सचे. भूकंपाला दोन वर्षं झाली तरी त्यांची आई, अव्वा, स्लॅबखाली झोपायला तयार नव्हती. किल्लारीच्या ढिगाऱ्यातून काढलं तेव्हाच तिचे पाय गेले होते. थंडी असो की पाऊस, अंगणातल्या पत्र्याखाली तिची बाज.

तिला आत आणायचंच, म्हणून सर भूकंपाची घंटी करायच्या हट्टाला पेटले. घरी पीसीबी, म्हणजे विजेच्या जोडणीच्या पाट्या, करायचा त्यांना जुना नाद. नांदेडच्या रेडिओवाल्याकडून तांब्याचा थर दिलेली पाटी आणली, बायकोच्या नेलपॉलिशनं तिच्यावर रेषा काढल्या आणि उघडं राहिलेलं तांबं फेरिक क्लोराइडच्या तांबड्या पाण्याला खाऊ दिलं. ब्रश जाड, हात घाईचा. दोन रेषा फारच जवळ आल्या. "चालतंय," म्हणाले. पोरांच्या वहीत अशी आकृती दिसली असती तर याच माणसानं खडू फेकून मारला असता. जमीन हादरून लोलक हलला की घंटी वाजणार, अशी ती करामत त्यांनी आतल्या भिंतीला लावली.

"अव्वा, आता आत झोप. ही वाजली की आधी तुला उचलतो, मग बाकीचं."

"नक्की का रे भीमा?"

"तुझी शप्पथ."

सुनेनं तिला आत आणलं.

एका दुपारी ओसरीत बॅच चालू होती. सर पुस्तक घ्यायला आतल्या खोलीत गेले आणि घंटी कर्कश वाजली. सर धावले. अव्वाच्या बाजेला वळसा घालून, ओसरीतल्या पोरांना ढकलून, अनवाणी थेट रस्त्यावर. घंटी खोटी वाजू शकते हे अख्ख्या गल्लीत एकट्या त्यांनाच ठाऊक होतं, आणि पहिले तेच पळाले. मागून पोरं आली. जमीन हललीच नव्हती. समोरचा चहावाला निवांत चहा ओतत होता.

"सर, आजी?" एका मुलीनं विचारलं.

धरणीनं पोटात घ्यावं, असं किल्लारीचा माणूस कधी म्हणत नाही. सरांना तेव्हा तसंच वाटलं.

ते आत गेले, पोरं मागोमाग. अव्वा बाजेवर उठून बसली होती, पदर खोचलेला, दोन्ही हात पुढं केलेले. उचलणाऱ्याला सोपं जावं म्हणून. पोरं दिसताच तिनं हात मांडीवर घेतले.

"मीच म्हणले त्याला, तू हो पुढं," ती पोरांना म्हणाली. "लई ओरडले, तवा गेला."

शरमेनं सरांना मान वर करवेना. बॅच सोडून दिली. घंटी उघडली, तर त्याच दोन रेषांमध्ये डाक दिलेल्या सोल्डरचा कण अडकून दोन्ही जुळलेल्या. ब्लेडनं खरवडला.

"झाली का नीट?"

"हाव. आता खोटी वाजायची न्हाई."

"बरं झालं. माझी बाज तेवढी बाहेर टाक, बाबा."

थांब म्हणायला सरांना तोंड नव्हतं. अव्वा हातांच्या जोरावर बाजेवरून खाली सरकली. सरांनी बाज अंगणात टाकली आणि अव्वाला उचलायला वाकले. एरवी हे काम सुनेचं. जड असेल म्हणून त्यांनी कंबर आवळली होती. अव्वा कडब्याच्या पेंढीएवढी हलकी होती. दारापर्यंत जायला काहीच वेळ लागला नाही.