टाकावरची आई

फाल्गुनातली दुपार. पळसाच्या निष्पर्ण फांद्यांवर केशरी ज्वाळा, नदीच्या पात्रात वितळलेल्या उन्हाचा रस, आणि पाडळीच्या पेठेत दामू सोनाराच्या भट्टीवर रेंगाळणारा निळा, निःशब्द धूर.

भट्टीपुढे दोघी बसल्या होत्या. तानूबाई आणि तिची सावत्र लेक हौसा. चार दिवसांवर लग्न आलेली हौसा.

त्या काळी दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधत. मेलेल्या सवतीची रुपेरी प्रतिमा. तिचा मान पहिला, तिचा घास पहिला, तिचा कोपही पहिला. तानूने तो टाक भीत भीत वागवला. नवं लुगडं आधी त्याला दाखवलं, सणाची पोळी आधी त्याला टेकवली, रोज हळदकुंकू वाहिलं. पण घासून कधी धुतला नाही. सवतीचं तोंड चोळायचं कसं?

आणि जन्मताच आई गमावलेल्या हौसेने, जिला मावशी म्हणायची त्या तानूच्या कुशीत निजताना, त्या चांदीलाच आई म्हटलं. हळदीच्या पुटांआडचा तो अस्पष्ट, अबोल, एका अंगाला वळलेला मुखडा. घरात आईची दुसरी खूण नव्हती. सासरी जाण्याआधी तो एकदा, एकदाच, लख्ख पाहायचा होता.

"उजळून द्या, दामूकाका. नाकडोळे दिसू देत तिचे."

रिठ्याचं पाणी फेसाळलं. हळद सुटली, कुंकू सुटलं, वर्षांमागून वर्षं सुटली. शुभ्र चांदीतून आधी मुकुट उगवला, मग वेणी, मग जरतारी झगा.

दामू खदखदून हसला. "तानूवहिनी, तुमची सवत विलायतेची निघाली की! अहो, टाक कसला? राणीछाप रुपया हा. मागची वेलबुट्टी बघा. वर नुसती कडी झाळून जोडलीय."

हौसेकडे नजर गेली, आणि त्याचं हसू ओठांतच विझलं.

"सासूबाईंनी बांधलेला," तानू पुटपुटली. "मग मी एवढी वर्षं भ्याले तरी कुणाला?"

हौसेच्या तळव्यावर परकी राणी, परका मुकुट, परक्या दिशेला लागलेली नजर. अंगाईच्या वयापासून जिला हाक मारली, तिने एकदाही मान वळवली नव्हती.

"ठोकून बाईची आकृती काढून देतो, पोरी," दामू हळू आवाजात म्हणाला.

"कुणाचं तोंड काढाल, काका?"

दामूने हातोडी खाली ठेवली.

"मावशी, कशी होती गं ती?"

"मी कुठं पाहिली, बाई? ती गेल्यावरच तर मला आणली."

मग तानूने लेकीची हनुवटी उचलली. उन्हाकडे वळवली. खरखरीत बोट कपाळावरून फिरलं. "हे तुझ्या बापाचं. नाक त्यांचंच, फताडं. जिवणी तुझ्या आत्याची, तशीच भांडकुदळ. हनुवटी सासूबाईंची." एकेक ओळखत, एकेक बाजूला सारत, बोट वर आलं. "उरलं ते तिचं."

उरल्या होत्या दोन पापण्या. दाट, लांब, ओल्या. आणि त्या काही केल्या उघडत नव्हत्या.